रात्री काय होतं, ते आधी विचार

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. ओळख पटेल असा तपशील काढला आहे.)

काकू,

मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहते, वय २८, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. घरी आई, बाबा आणि धाकटा भाऊ. भाऊ २२ वर्षांचा, भोसरीच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला होता. दहीहंडीच्या रात्री चौकात खुन्नस दिल्यावरून भांडण पेटलं. याचा त्यात काही संबंध नव्हता, मित्राला सोडवायला मध्ये पडला. कोयता अडवायला त्यानं डावा हात वर केला आणि मनगटाच्या वरच्या शिरा तुटल्या. मित्रांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, हात वाचला, पण दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. गाडीचा क्लच दाबता येत नाही. काम सुटलं.

आधी सणावाराला मित्रांबरोबर बिअर घ्यायचा, तेवढंच. आता रोज क्वार्टर, कधी त्याहून जास्त. शिवाय गांजा. म्हणतो, तो नैसर्गिक आहे, दारूपेक्षा बरा. दिवाळीपासून सगळंच वाढलंय. दिवाळीच्या आधी आरोपी जामिनावर सुटले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जिन्यात बसून राहतो. खालच्या दुकानाचं शटर पडलं की दचकतो. हात दुखतो म्हणून गोळ्या चालूच आहेत. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो. आईवर ओरडतो, मग स्वतःच रडतो. आईनं देवासमोर शपथ घ्यायला लावली, ती आठ दिवस टिकली. मावशी म्हणते, एक पावडर मिळते, भाजीत कालवायची, कळतही नाही आणि दारू सुटते. बाबा म्हणतात, व्यसनमुक्ती केंद्राची गाडी बोलावू, उचलून नेतील. काका म्हणतात, लग्न करून द्या. माझ्या मामाला तरुणपणी डोक्याचा आजार झाला होता, त्यामुळे आई फारच घाबरली आहे. दर गुरुवारी मी त्याला फिजिओथेरपीला नेते, तेवढाच वेळ आम्ही दोघं एकत्र असतो. मित्र मात्र रोज येतात, पिच्छा सोडत नाहीत. मी काय करू?

— एक बहीण

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो, असं तू लिहिलंयस. कुठला हात?

डावा असेल, तर तो जखमेचा भाग असू शकतो. शिरा जोडलेला हात अशक्त असतो, कपाचं वजनही त्याला जड जातं. पण उजवा, धडधाकट हातही थरथरत असेल, सकाळी घाम सुटत असेल, मळमळत असेल आणि दुपारी किंवा संध्याकाळी पहिला घोट पोटात गेल्यावर हे सगळं थांबत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. मग त्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसानं दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी भ्रम होऊ शकतो, म्हणजे नसलेली माणसं दिसणं, दिवस-वेळ न कळणं, ताप, छातीत धडधड. यात जीव जातो. त्या आठ दिवसांच्या शपथेत त्याला काही झालं नाही, पण पुढच्या वेळीही होणार नाही असं धरून चालू नकोस. आईनं शपथ घ्यायला लावली ती मायेपोटी, तिला बोल लावू नकोस. फक्त पुन्हा शपथ नको, माळ घालणंही आत्ता नको, आणि "उद्यापासून बंद" हे तर मुळीच नको. थरथर दोन्ही हातांना असेल तर ज्या रुग्णालयात फिजिओथेरपी चालू आहे तिथल्याच मानसोपचार विभागात त्याला दाखवा. दारू उतरवायला आठवडाभराची औषधं असतात, सोबत बी-वन जीवनसत्त्व देतात, आणि बरेचदा हे घरी राहूनही होतं. फिट आली किंवा तो भ्रमात बोलायला लागला तर वाट न बघता १०८.

दुसरं, त्या दुखायच्या गोळ्या. तू लॅबमध्ये काम करतेस, तेव्हा पाकिटावरचं नाव वाचणं तुला अवघड नाही. ट्रॅमाडॉल असेल तर दारूबरोबर ती श्वास मंदावते आणि फिटचा धोकाही वाढवते. नुसती पॅरासिटामॉल असली तरी रोज क्वार्टर पिणाऱ्याच्या यकृतावर तिचा भार पडतो. हाताच्या डॉक्टरांना खरं सांगा, "तो रोज पितो, मग गोळी कुठली देऊ?" हे वाक्य उच्चारायला घरच्यांना लाज वाटते. म्हणून डॉक्टर न पिणाऱ्या माणसाची गोळी लिहून देतात.

आणि मावशीची पावडर. ती घरात येऊ देऊ नकोस. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि काहींमध्ये डायसल्फिराम असण्याची भीती असते. ते दारू सोडवायचं खरं औषध आहे. पण ते पोटात असताना दारू प्यायली की रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच देतात. भाजीत कालवून दिलेलं डायसल्फिराम म्हणजे ज्याला माहीतच नाही अशा माणसावर केलेला विषप्रयोग. शिवाय ज्या मुलाचा बाहेरच्या जगावरचा विश्वास एका रात्रीत उडाला, त्याचा घरच्या ताटावरचा विश्वासही उडेल.

आता मुख्य गोष्ट.

तुझ्या पत्रातल्या तारखा ओळीनं मांडून बघ. दहीहंडीच्या आधी तो सणावाराला बिअर पिणारा मुलगा होता. वार झाल्यावर रोज पिऊ लागला. आरोपी जामिनावर सुटले आणि प्रमाण वाढलं. रात्री दोनपर्यंत तो जिन्यात असतो. जिन्यातून काय दिसतं? खालचा दरवाजा दिसतो, कोण आत येतंय ते दिसतं. मला वाटतं, तुझा भाऊ जिन्यात बसून पहारा देतोय. दारूनं त्याचा पहारा सुटतो, तेव्हा कुठे त्याला झोप लागते. शटरच्या आवाजाला दचकणं, चिडणं, मग रडणं, हे सगळं त्याच एका रात्रीचं आहे, जी त्याच्या अंगात अजून संपलेली नाही. याला आघातानंतरचा मानसिक ताण म्हणतात. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

दारू मात्र इथं फसवते. झोप लवकर लावते आणि पहाटे तीनला मोडते. मग स्वप्नं, मग घाम, मग दिवसभर चिडचिड, आणि संध्याकाळी पुन्हा तीच गरज. म्हणून "कधी सोडणार?" हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. "रात्री काय होतं?" एवढंच आधी विचार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक होते, अपघात विभाग बरीच वर्षं माझ्याकडे होता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला एक मुलगा आठवतो, वय तुझ्या भावाएवढंच. उजव्या तळव्यावर आडवा वार. पाती हातानं धरली की जखम अशीच होते. पट्टीतून बोटांची फक्त टोकं बाहेर होती आणि नखांत अजून रस्त्यावरची माती होती. त्याच्या तोंडाला वास येत होता. मी खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि त्याला अर्धा तास दारूचे दुष्परिणाम सांगितले. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिला. टाके काढायला तो आलाच नाही. काही महिन्यांनी आला तो दुसरी जखम घेऊन, पोटात. त्या वेळी मी दारूचा विषय काढला नाही. विचारलं, "झोप लागते का रे?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "दिवा घालवला की लागत नाही." तिथून आमचं बोलणं सुरू झालं. पहिल्या वेळी हाच प्रश्न विचारला असता तर, हे मी आजही मनात घेऊन आहे.

टाके काढायचा दिवस फार मोलाचा असतो, हे मला पुढे वाचायला मिळालं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे शल्यचिकित्सक आहेत. दारूच्या भरात झालेल्या मारामारीतून तोंड फुटून येणारी तरुण मुलं ते रोज शिवत होते. त्यांच्या चमूनं एक साधा प्रयोग केला. मुलगा टाके काढायला आला की परिचारिकेनंच त्याच्याशी त्याच्या पिण्याबद्दल एकदा शांतपणे बोलायचं. उपदेश करायचा नाही, विचारायचं आणि ऐकायचं. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतरही, ज्यांच्याशी असं बोलणं झालं होतं त्या गटात धोकादायक पिणाऱ्या मुलांचं प्रमाण बरंच उतरलेलं होतं. जखम ताजी असते तेव्हा माणूस स्वतःकडे बघायला तयार असतो. तुझ्या भावाचे टाके निघून गेले असतील, पण गुरुवार आहे. बोट अजून मिटत नाही, म्हणजे ते दार अजून उघडं आहे.

म्हणून गुरुवारी घरातून निघताना बोलू नकोस, आईसमोर तर नाहीच. फिजिओथेरपी झाल्यावर, हात दमलेला असताना, चहाच्या टपरीवर बस. आधी परवानगी माग. "तुझ्या पिण्याबद्दल एक विचारू का? नको म्हणालास तर नाही विचारणार." तो नको म्हणाला तर खरंच विचारू नकोस, पुढच्या गुरुवारी बघू. हो म्हणाला तर पहिला प्रश्न असा विचार, "प्यायल्यानं तुला बरं काय वाटतं?" हा प्रश्न ऐकून तो चमकेल, कारण आजवर कुणी त्याला हे विचारलेलं नाही. तो म्हणेल झोप लागते, हात ठणकायचा थांबतो, डोकं शांत होतं. ऐकून घे. "पण" म्हणू नकोस. मग विचार, "आणि नकोसं काय वाटतं?" इथं कदाचित आईवर ओरडल्याचं निघेल, पैशाचं निघेल. मग विचार, "कमी करावंसं किती वाटतं, दहापैकी?" समजा तो तीन म्हणाला. आपल्याकडे लगेच तोंडून जातं, "फक्त तीन?" त्याऐवजी विचार, "तीन का? एक का नाही म्हणालास?" या प्रश्नाचं उत्तर देताना कमी करायची कारणं तो स्वतःच्या तोंडानं सांगतो. तू दिलेली शंभर कारणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देईल. स्वतः उच्चारलेलं एक त्याच्याजवळ राहील.

यासाठी तुला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेनं हेच दाखवून दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूनं नुकसान होऊ लागलेल्या पुरुषांशी बोलायला त्यांनी स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं. फार तर चार बैठका, एक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या गटात सावरलेले पुरुष जास्त निघाले. २०१७ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तू बहीण आहेस, समुपदेशक नाहीस, हा फरक मी विसरत नाही. तुला राग येईल, रडू येईल. तेव्हा उठून पाणी पिऊन ये. रडलीस तरी चालेल. पण रडून त्याच्याकडून काही कबूल करून घेऊ नकोस.

कमी करायचं ठरलं (आणि डॉक्टरांनी थरथर बघितली), तर ते मोजूनच करायला हवं. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे तीस-तीसचे सहा पेग. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत एवढं पिण्याला जड पिणं म्हणते, आणि तो ते रोज करतो. त्याला तो आकडा "एकच क्वार्टर" वाटतो. सहा हा शब्द त्याच्यासमोर एकदा येऊ दे, टोमणा म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. मग त्याला ठरवू दे. आधी जेवण, मग पेग. गोळी घेतली त्या रात्री नाही. आठवड्यातून दोन रात्री कोरड्या, कुठल्या त्या त्यानंच निवडायच्या. तुमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय असेल, आई त्यावर दुधाचे खाडे मांडत असेल. त्याच चौकोनात त्यानं पेगचा आकडा लिहावा. तू लिहू नकोस, तपासूही नकोस. सहाचे चार झाले तर ते चारच आहेत. "पण सोडली कुठे?" असं कुणी म्हणालं तर बाबांसकट सगळ्यांना गप्प बसव. चार पेगांच्या रात्री तो कदाचित जिन्यात भांडण ओढवून घेणार नाही. कदाचित आईवर ओरडणार नाही. दुसरी जखम टळणं ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

रात्रीसाठी काही साध्या गोष्टी आहेत. खाट अशी फिरवा की त्याला झोपल्या जागेवरून दार दिसेल. आतून चांगली कडी बसवा, आणि झोपताना ती त्यानं स्वतः लावावी. लहान दिवा चालू राहू दे. बाबांना काही दिवस बाहेरच्या खोलीत त्याच्याजवळ झोपायला सांग. बोलायची गरज नाही, नुसतं घोरले तरी चालेल. "त्या रात्रीचं सांग, मन मोकळं कर" असा आग्रह मात्र कुणी करू नये. ती आठवण उलगडायची तर शिकलेल्या माणसासमोर, त्याच्या बेतानं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आणि स्वप्नांसाठी, झोपेसाठी त्यांच्याकडे सवय न लावणारी औषधंही असतात. जायला तयार नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला जिन्यातून एकट्यानं फोन लावणं काही मुलांना दवाखान्याच्या पायरीपेक्षा सोपं जातं. व्यसनासाठी केंद्र सरकारचा १४४४६ आहे, तुम्ही घरचेही लावू शकता.

गांजाबद्दल तुझ्या पत्रात दोनच ओळी आहेत, पण मामाची ओळ वाचून मला त्याची काळजी दारूइतकीच वाटली. मामाचा आजार नेमका काय होता ते आईला एकांतात विचार. संशय यायचे का, आवाज ऐकू यायचे का? तसं असेल तर तुझ्या भावासाठी गांजा इतर मुलांपेक्षा जास्त धोक्याचा आहे. अशा घरातल्या तरुण मुलात तोच आजार गांजानं वर येऊ शकतो. शिवाय ज्याला आधीच प्रत्येक पावलाचा आवाज मारेकऱ्याचा वाटतो, त्याला गांजा कधी शांत करतो आणि कधी नेमका तोच संशय दहापट करतो. "नैसर्गिक" या शब्दावर वाद घालू नकोस, त्या वादात तो जिंकेल. "ओढल्यावर कधी जास्त भीती वाटते का?" एवढंच विचार. आणि हे त्याला आधीच सांगून ठेव की बंद केल्यावर पहिला आठवडा झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते, स्वप्नं फार ठळक पडतात, आणि साधारण दोन आठवड्यांत हे उतरतं. हे ठाऊक नसलं की मुलाला वाटतं, बघ, गांजाशिवाय मला जमतच नाही, आणि चौथ्या रात्री पुन्हा पुडी येते. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळत असाल तर १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातच, सेवनाच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. उपचार मात्र पुरे करावे लागतात.

मित्र. "पिच्छा सोडत नाहीत" असं तू लिहिलंस, त्यात राग आहे आणि तो मला कळतो. पण त्याला रिक्षात घालून नेणारेही तेच होते. त्यातल्या कुणाच्या तरी शर्टानं त्याचा हात बांधला असेल. त्यांना घरी टपोरी म्हटलं की तो त्यांच्या बाजूला उभा राहणार, आणि मला विचारशील तर ते रास्तच आहे. त्यांच्यातला एक शोध, कामाला जाणारा, कमी पिणारा, तुमच्या आईला काकू म्हणून हाक मारणारा. त्याला सांग, "याला संध्याकाळी कट्ट्यावर नको, जिमला ने, चहाला ने, गाडीवर मागे बसवून कुठं तरी फिरवून आण." सात ते दहा या वेळेत दुसरं काही असलं की निम्मं काम होतं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात २०१५पासून 'नॅव्हिगेटर' म्हणून माणसं असतात, त्यातली काही स्वतः याच रस्त्यावरून आलेली. हल्ल्यात जखमी होऊन आलेल्या मुलाजवळ ती त्याच रात्री जाऊन बसतात आणि घरी गेल्यावरही त्याची साथ सोडत नाहीत. तसं माणूस तुमच्याकडे नसेल, तर या मित्राला तयार कर. आणि केसपेपरच्या खिडकीवर विचार, समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात. सरकारी रुग्णालयात हे पद असतं, आणि लोक त्यांच्याकडे फक्त बिलाच्या सवलतीसाठी जातात.

एक कान मात्र उघडा ठेव. या मुलांच्या बोलण्यात "गेम", "विषय संपवू", "हिशेब बाकी आहे" असं येतं का? गादीखाली, गाडीच्या डिकीत काही हत्यार आहे का? भीती वाटणारा मुलगा हत्यार बाळगतो ते स्वतःला वाचवायला, आणि तिसऱ्या पेगनंतर ते बाहेर निघतं. आज तो फिर्यादी आहे, एका रात्रीत आरोपी होईल. लोक अजून तीनशेसात कलमच म्हणतात, नव्या न्याय संहितेत ते कलम १०९ झालं, पण खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा तोच आणि तेवढाच जड. असं काही कानावर आलं तर त्याला एकटं गाठून विचार, "तुला त्यांची भीती वाटते का?" राग आलाय का, असं विचारू नकोस. भीतीचं विचार.

आणि ती भीती खोटी नाही, हे घरात सगळ्यांनी त्याच्यासमोर कबूल करावं. माणसं सुटली आहेत, त्याच भागात फिरत असतील. धमकी आली, कुणी निरोप पाठवला, गाडी दोनदा घरावरून गेली, तर तारीख-वेळ लिहून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. साक्षीदाराला धमकावणं हे जामीन रद्द व्हायचं कारण असतं. साक्षीदार संरक्षण योजना २०१८पासून आहे, तिचा अर्ज जिल्हा पातळीवर करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याविषयी विचारा, तिथंच पीडिताला भरपाईचाही अर्ज होतो. मशीनवरचं काम गेलंय, दोन बोटं मिटत नाहीत, तेव्हा भरपाई मागण्यात कसलाही कमीपणा नाही. कागदपत्रांच्या या धावपळीत त्यालाही बरोबर ने. चार महिने सगळ्यांनी त्याच्यासाठी केलं, आता त्याला स्वतःसाठी काही करू दे.

केंद्राची गाडी बोलावू नका. महाराष्ट्रात चांगली केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून उभं आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी ते कुठल्या तळमळीतून उभं केलं ते ठाऊक असलेली माणसं तुमच्या आसपासच भेटतील. दारू खरंच आवरत नसेल तर तो स्वतः तिथं जाऊन विचारू शकतो, तुम्ही आधी जाऊन भेटू शकता. पण रात्री चार माणसांनी उचलून गाडीत कोंबणं म्हणजे त्याच्यासाठी दहीहंडीची रात्र पुन्हा घडवणं. दोन हात त्याला पुन्हा धरतील, आणि या वेळी ते बाबांनी बोलावलेले असतील. जिथं डॉक्टर नाहीत, नोंदणीचा कागद दाखवत नाहीत, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथं फाटकातूनच परत या.

लग्नाबद्दल काकांना बाबांनीच स्पष्ट नाही म्हणावं. एका मुलीचं आयुष्य हे औषध म्हणून द्यायची वस्तू नाही.

आई त्याला पैसे देते का ते तू लिहिलं नाहीस, पण देत असेल असं धरून सांगते. "घरी तरी राहील" म्हणून दिलेले दोनशे रुपये एकदम बंद करू नका, दारूसारखंच. रोख कमी करा आणि त्या जागी काही त्याच्या कामाचं ठेवा, जसं मोबाइलचा रिचार्ज, जिमची फी. उजव्या हातानं होणारं काम शोधायला त्याला मदत करा, अर्धवेळ चालेल. ज्या दिवशी कुणी त्याची सकाळी नऊला वाट बघत असेल, त्याच्या आदल्या रात्रीचे पेग कमी होतील.

आणि तू. दिवसभर लोकांचं रक्त काढतेस आणि रात्री जिन्यातल्या पावलांवर कान लावून जागी राहतेस. त्याच्या खाटेची दिशा बदलाल तेव्हा तुझी झोपायची वेळ पण ठरव. जिन्यात तो आहे की नाही ते आठवड्यातून दोन रात्री बाबांनी बघायचं, तू नाही. त्या दोन रात्री तुझ्याही.

गुरुवारला अजून वेळ आहे, चहाच्या टपरीवरचं बोलणं तोवर मनात घोळव. पण उद्या सकाळी आई त्याच्यापुढे कप ठेवेल तेव्हा समोर बस आणि उजव्या हाताकडे बघ. जे दिसेल ते मला लगेच कळव.

— तुझी काकू